कोल्ड रूममधली मुलाखत

मुलाखत कुठून द्यायची, याचा बुरशीने शास्त्रशुद्ध विचार केला होता. (वर्षानुवर्षं पावावरच्या बुरशीवर पीएचडी करणाऱ्याला प्रयोगशाळेत दुसरं काय नाव मिळणार?) कंपनीतली ही नोकरी मिळाली तर सुटका! पण आधी गाईड सरांना सुगावा लागला, तर प्रबंधावरची सही थेट पुढच्या जन्मी.

म्हणून त्याने कोल्ड रूम निवडली. नमुने ठेवायची, फ्रिजसारखी गारठलेली खोली. सर्दीच्या धास्तीने सर तिथे कधी फिरकत नसत. बिनतोड योजना!

लॅपटॉपच्या पडद्यावर कंपनीच्या मॅडम आल्या.

"घाबरू नका, मोकळेपणाने बोला."

"घ-घ-घाबरलो न-नाही, मॅडम!" दात शिलाई मशीनसारखे चालू होते.

तेवढ्यात दिवा गेला. तिथला दिवा माणूस हलला तरच लागतो. बुरशीने दोन्ही हात हवेत फिरवले.

"निघालात?"

"नाही नाही! उजेड क-करतोय!"

"बरं. ताणाच्या प्रसंगी तुम्ही कसे वागता?"

पुन्हा अंधार! बुरशी बुडत्या माणसासारखा हातपाय मारू लागला. मॅडमनी काहीतरी टिपून घेतलं.

आणि दार उघडलं. आधी कानटोपी आली, मग मफलर, मग सर. काखेत स्वतःचा लॅपटॉप.

"तू इथे काय करतोयस रे?"

"आ-आईशी बोलतोय, सर!"

"मुलाखत चालू आहे," आई पडद्यावरून म्हणाली.

संपलं! बुरशीने डोळे मिटले. पण सरांचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला. "अरे, ओठ निळे पडलेत तुझे. जा, गरम चहा घे. तोवर मी बोलतो त्यांच्याशी."

देवमाणूस! बुरशीला भरून आलं. चहाचा कप घेऊन तो दाराच्या काचेतून बघत राहिला. वर्गात शिकवतात तसे सर हातवारे करत बोलत होते. दिवा एकदाही गेला नाही. मॅडम तर चक्क हसत होत्या. केवढी ही शिफारस!

महिनाभरात सर कंपनीत रुजू झाले.

"जागा एकच होती रे," निरोप घेताना त्यांनी बुरशीच्या खांद्यावर हात ठेवला. "मीसुद्धा किती वर्षं सुटकेची वाट बघत होतो! तू धीर सोडू नकोस. विद्यापीठ तुला नवा गाईड देईल."

दिला. भला माणूस. पहिल्याच भेटीत त्यांनी सगळा प्रबंध चाळला, चष्मा पुसला आणि प्रेमाने म्हणाले,

"बुरशीतलं मला ओ की ठो कळत नाही. आपण शेवाळावर पहिल्यापासून सुरू करू!"