धुरींचं टक्कल

"धुरींच्या घराण्याचं टक्कल माझ्यापाशी येऊन थांबणार!"

कणकवलीतल्या आपल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर हात आपटून समर्थ धुरीनं हे जाहीर केलं, तेव्हा त्याला हसायची कुणाची छाती नव्हती. काय ते दाट केस! आणि मंडळी, त्याच्या खात्रीला कारणही होतं. धामापुरातले धुरी तिशी गाठेपर्यंत सोललेल्या नारळासारखे होत, पण ते सगळे पुरुष. समर्थ जन्मला तेव्हा सुईणीनं "चेडू झाला!" म्हणून सांगितलं होतं. आपण मुलगी नाही, मुलगा आहोत, हे त्याला शाळेतच उमगलं. घराला उमगायला पंचविशी उजाडली. मग गोव्यातल्या डॉक्टरीणबाईंनी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू केली आणि आक्रीतच घडलं! आवाज विहिरीत उतरावा तसा खोल गेला. हनुवटीवर दाढी आली. रोज सकाळी आरशासमोर समर्थला गाभाऱ्यासमोर उभं असल्यासारखं वाटे.

आई, सावित्रीबाई, आधी रडरड रडली आणि मग स्वतःच बाजारात जाऊन दाढीचं सामान घेऊन आली. वडील सत्यवान मात्र व्याकरणात अडकले. मालवणीत मुलगा, म्हणजे झील, घरी 'इलो' आणि मुलगी, म्हणजे चेडू, 'इला'. सत्यवानांनी दोन्ही सोडून दिलं! "जेवण झाला?" "दुकान बंद काय?" एवढंच विचारत. हाक मारताना 'रे' नाही की 'गो' नाही. नुसतं खाकरत. समर्थ त्या खाकरण्यालाही ओ देई आणि 'रे'ची वाट बघे.

तर एक दिवस गिऱ्हाइकाच्या फोनचा कॅमेरा तपासताना समर्थला स्वतःचं कपाळ नको तेवढं मोठं दिसलं. 'भिंग बिघडलं!' म्हणून त्यानं दुसरा फोन उचलला. मग तिसरा. दुकानातले सगळे फोन एकदम कसे बिघडतील? त्यानं घाबरून डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"इंजेक्शन केस उपटत नाही हो," त्या म्हणाल्या. "टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात आणखी एक जहाल हार्मोन बनतं. काहींच्या केसांच्या मुळांना ते सोसत नाही, मग केस बारीक होत होत जातात. ते घराण्यातून येतं. तुमच्या घरात कुणाला टक्कल?"

"कुणाला नाही ते विचारा!"

"मग ते तुमच्यातही होतंच. झोपलं होतं, आता जागं झालं."

"इंजेक्शन थांबवलं तर?"

"थांबवायचंय?"

"छे छे छे!"

"मग येऊन भेटा. औषधं आहेत, पण गुण यायला वेळ लागतो."

वेळच तर नव्हता! चुलतभाऊ धनेशचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि दाढीतला समर्थ सगळ्या गावाला पहिल्यांदाच दिसणार होता. शेवटी त्यानं केसांवर भुरभुरायची काळी पूड मागवली. डोक्यावर पूड, अंगात पांढराशुभ्र शर्ट! मांडवात शिरला तेव्हा बायका बघत राहिल्या.

पण धामापूरची दुपार ती! अक्षता पडायच्या आधीच डोक्याला घाम फुटला आणि समर्थच्या कपाळावरून काळे ओघळ खाली निघाले. ते पहिल्यांदा दिसले मथुराकाकीला.

"अगो बाय माझे! समर्थाच्या डोक्यातसून काळा रगत येता!"

"मोबाइल फुटलो!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आडवो करा त्येका!"

भटजी मंत्र विसरले. नवरदेव धनेश मुंडावळ्यांसकट धावला. "मला काही झालं नाही!" असं समर्थ ओरडत होता, पण त्या कल्लोळात ते "मेलो मेलो!" असं ऐकू गेलं. तेवढ्यात सावित्रीबाईंनी पाण्याची अख्खी कळशी त्याच्या डोक्यावर उपडी केली!

पूड धुऊन गेली. शर्ट कोळशाच्या पोत्यासारखा झाला. आणि सगळा मांडव माना उंचावून बघू लागला! समर्थच्या डोक्यावर दोन्ही बाजूंनी खाडी आत शिरली होती आणि मधोमध केसांचं एक बेट, भर समुद्रातल्या किल्ल्यासारखं उभं होतं.

गर्दीतून सत्यवान पुढे आले. समर्थनं डोळे मिटून घेतले. खरबरीत बोटं त्याच्या कपाळावरून फिरली, डाव्या बाजूला जराशी थबकली. मग सत्यवानांनी डोक्यावरची टोपी काढली.

"सावित्री, बघ गो," त्यांचा आवाज देवळात बोलल्यासारखा हळू झाला होता. "डावी खाडी जास्त आत. माझी तशीच. माझ्या बापाशीची तशीच होती!" आणि मग सगळा मांडव हादरेल असे गरजले, "बघलात काय सगळ्यांनी? ह्यो माझो झील! ह्या टक्कल खंयच्या दुकानात गावता काय? अरे, भिजलो मां तो! टॉवेल हाडा कोणीतरी!"

समर्थनं डोळे उघडले. एवढ्याशा बाटलीतल्या औषधानं अंगात निजलेल्या आजोबा-पणजोबांना हाका मारल्या होत्या, आणि ते आपापली टकलं घेऊन उठून आले होते! अंगावर काटा आला त्याच्या.

मग सगळ्या धुरी पुरुषांचा फोटो निघाला. काळ्या शर्टातल्या समर्थला सत्यवानांनी खांद्याला धरून मधोमध उभं केलं. "जरा माना खाली घ्या, उजेड परत येतोय!" म्हणून फोटोग्राफर घायकुतीला आला.

दुसऱ्या दिवशी समर्थ डॉक्टरीणबाईंकडे निघाला.

"केसांचा औषध?" सत्यवान कडाडले. "घराण्याची ठेव आसा ती! खबरदार!"

बापाचं मन मोडवेना. समर्थ पिशवी ठेवायला वळला, तोच सावित्रीबाईंनी त्याला दंडाला धरून परसात ओढलं.

"बापाशीचा ऐकू नको. औषध घे आणि गप ऱ्हव."

"आई, पण बाबा एवढे खूश आहेत..."

"ते खूश आसत. पण टकल्या धनेशाक मुलगी गावता गावता माझ्या जावेच्या चपला झिजल्यो! तुझे केस आसत तवसरच चेडू बघूक होया!"