जीवशास्त्र सोडून सगळे

"झाडावर चढणे, एक क्रेडिट," वेंडेल क्रूगरने पडद्यावरचे वाचले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले. "पोरी, तुला डॉक्टर व्हायचंय की माकड?"

नेब्रास्काच्या विद्यापीठात त्याच्या मुलीला, मारिनला, जीवशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून प्रवेश मिळाला होता. पहिल्या सत्राचे विषय आज दुपारी चारच्या आत नोंदवायचे होते. आतापर्यंत यादीत ऑपेराचा इतिहास, 'आनंदी कसे राहावे' आणि हे झाड, एवढे जमले होते. जीवशास्त्र सोडून सगळे.

वेंडेल गावात धान्यकापणीची यंत्रे विकायचा आणि गेली बारा वर्षे शाळा मंडळावर होता. त्यामुळे शिक्षणातले आपल्यालाच कळते, अशी त्याची खात्री होती. मंडळावरच्या बाकी सहा जणांचीही आपापल्याविषयी तीच खात्री असल्याने भांडण कधी झाले नाही.

"हिला जीवशास्त्र द्या की," तो टेबलापलीकडच्या मिस हॅलोरनला म्हणाला. या सल्लागार बाईंपुढून सकाळपासून एकवीस मुले आणि पस्तीस पालक गेले होते.

"त्याच्यासोबत रसायनशास्त्र घ्यावं लागतं."

"मग तेही द्या."

"रसायनशास्त्राला बीजगणित लागतं."

"द्या बीजगणित! आम्ही कुठं नको म्हणतोय?"

"मी देऊन काय होतंय? जूनमध्ये घरून गणिताची चाचणी दिली ना, त्यात मारिनला पूर्वतयारीचं गणित आलंय. सातवीतल्या पोरांचं असतं, तसलं."

वेंडेलने खिडकीबाहेर बघितले. मारिनला मिळालेली बियाणे संघाची शिष्यवृत्ती म्हणजे चार वर्षांची फी होती आणि तिची अट एकच होती: पहिल्याच सत्रात जीवशास्त्र. नाहीतर ती पुढच्या नंबराला जाणार. पुढचा नंबर होता हॅरोल्ड झीगलरच्या मुलाचा, आणि हॅरोल्ड झीगलर वेंडेलच्या दुकानासमोरच दुसऱ्या कंपनीची यंत्रे विकत होता.

"तुमच्या मशीनमध्येच बिघाड असणार," वेंडेल म्हणाला.

"चाचणी पुन्हा देता येते का?" मारिनने विचारले.

"येते. खालच्या हॉलमध्ये, आत्ताच्या आत्ता, एकटीनं. पण पहिली रद्द करायला कारण लागतं. वीज गेली होती, इंटरनेट बंद होतं..."

"वीज गेली होती," वेंडेल लगेच म्हणाला.

"वीज कंपनीचा दाखला आणलाय?"

"मग इंटरनेट—"

"त्याचाही दाखला लागतो."

"बाबा," मारिन म्हणाली, "चाचणी तू दिलीस."

मागच्या रांगेत आठ पालक उभे होते. त्यातल्या पाच जणांनी एकदम आपापल्या फोनमध्ये डोके घातले.

"मी नुसती मदत केली," वेंडेल म्हणाला.

"किती प्रश्नांना?" मिस हॅलोरनने विचारले.

"असतील दोनचार."

"चाळीसपैकी चौतीस," मारिन म्हणाली. "मला म्हणाला, तू जा, कुत्र्याला फिरवून आण."

मिस हॅलोरनने कपाळाला आठीसुद्धा घातली नाही. खणातून एक अर्ज काढून तिने पुढे सरकवला. त्यात रकाना छापलेलाच होता: 'उत्तरे अन्य व्यक्तीने दिली. नाव, नाते, सही.'

"हा भरतं कोण?" वेंडेलने घसा साफ करत विचारले.

"बाप भरतात. आया सहसा सापडत नाहीत."

"आणि हा कागद जातो कुठं? म्हणजे... गावाकडं वगैरे?"

"फायलीत जातो. मिस्टर क्रूगर, पावणेतीन झालेत."

वेंडेलने एकदा मागच्या रांगेकडे बघितले, एकदा मारिनकडे. झीगलरच्या पोराला पांढरा कोट कसा दिसेल, हेही त्याने डोळ्यांपुढे आणून बघितले. मग सही केली. एवढ्या बारीक अक्षरांची सही त्याने आयुष्यात कधी केली नव्हती.

चारला दहा कमी असताना मारिन हॉलमधून वर आली. मिस हॅलोरनने दोनचार कळा दाबल्या आणि पडदा तिच्याकडे फिरवला.

"जीवशास्त्र मिळालं!" मारिन ओरडली. "सकाळी आठचा वर्ग, शेवटची जागा होती."

"आपलीच पोरगी!" वेंडेलने टेबलावर थाप मारली. "गुण किती पडले?"

"ते मला सांगता येणार नाही," मिस हॅलोरन म्हणाली. "ती अठरा वर्षांची आहे. पालकांना कळवायचं असेल, तर तिनं परवानगीच्या कागदावर खूण करायची असते. केलेली नाही."

"अहो, बाप आहे मी तिचा!"

"म्हणूनच तो कागद आहे."

"कर की गं खूण."

"बघते," मारिन म्हणाली.

"तुमचे गुण मात्र सांगता येतील," मिस हॅलोरन म्हणाली. "जूनची चाचणी आता कागदोपत्री तुमची आहे. चाळीसपैकी अकरा."

वेंडेल बराच वेळ पडद्यावरच्या त्या आकड्याकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते. मग रांगेतल्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने तो मारिनच्या कानाशी वाकला.

"म्हणजे शंभरात किती झाले गं?"