नारिंगी चकती

अक्षताने ठरवलं म्हणजे ठरवलं! चकलीच्या सोऱ्याची हरवलेली चकती ती स्वतः बनवणार होती. तीही कॉम्प्युटरवर!

'हरवली' हे आपलं नवऱ्याला, सुजयला सांगायला. खरं असं, की पाच वर्षांच्या अथर्वच्या पोटात प्लॅस्टिकचा कण जाऊ नये म्हणून तिने महिन्यापूर्वी गुडगावच्या अकराव्या मजल्यावरच्या घरातलं झाडून सगळं प्लॅस्टिक भंगारवाल्याला दिलं. त्यात सासूबाईंची एक पिवळी डबीही गेली. न उघडता! आणि डबीत होती सोऱ्याची पितळी चकती. आता सासूबाई पुण्याहून निघाल्या होत्या, नातवाला दिवाळीच्या चकल्या खाऊ घालायला.

"दुसरी आण ना बाजारातून," सुजय म्हणाला.

"आईंच्या जुन्या सोऱ्याला इथली बसत नाही. क्लबहाउसमध्ये थ्री-डी प्रिंटिंगची कार्यशाळा आहे, नवशिक्यांसाठी. दोन तास फक्त! मी बीएस्सी आहे, सुजय!"

अक्षता सोऱ्या पिशवीत घालूनच गेली. शिकवायला नीरज नावाचा तरुण होता. आधी पडद्यावर आकार काढायचा, माप द्यायचं. मग यंत्र वितळलेल्या दोऱ्याचे थरावर थर घालतं, अगदी जिलबी घालावी तसे! अक्षताने गोल काढला, मधोमध चांदणी कापली. झकास! फक्त माप देताना हात सवयीने चालला. अथर्वचे सगळे कपडे ती वाढत्या अंगाचे घेते. चकतीलाही चार मिलिमीटर जास्त दिले.

अर्ध्या तासाने नारिंगी चकती निघाली आणि सोऱ्यावर झाकणासारखी बसली. आत जाईचना!

"मॅडम, साइज बडा क्यूं रखा?"

"थोडा मार्जिन रखा, भैया."

"ये बच्चा थोडी है, जो बडा होगा!"

मग तिने कोपरा धरून आख्खं चित्रच लहान केलं. चकती आत गेली, पण चांदणीही आक्रसली. त्यातून फार तर शेव पडली असती! तिसऱ्या वेळी तिने फक्त बाहेरचा गोल लहान केला, चांदणी तशीच ठेवली. ही चकती मात्र 'खट्' करून बसली. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच आपण एकटीने काहीतरी पुरं केलं, असं अक्षताला वाटलं.

सासूबाई आल्या. भाजणी मळून झाली, सोऱ्या भरला, तेल तापलं.

"नारिंगी कशी गं ही?"

"मी बनवली, आई. स्वतः डिझाइन करून!"

"हुशार आहेस हो!" सासूबाई मनापासून म्हणाल्या. अक्षता दोन इंच उंच झाली. तेवढ्यात दारातून (तेलापासून दहा फूट लांब उभं राहायचा नियमच होता!) अथर्वने विचारलं,

"मम्मा, हे कशाचं आहे?"

"मक्यापासून करतात, राजा. एक प्रकारचं..."

"प्लॅस्टिक?"

सुजय खिडकीबाहेर बघू लागला.

"प्लॅस्टिक पोटात गेलं तर डॉक्टर सुई लावतो! तूच बोलली होतीस!" म्हणत अथर्वने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं.

सासूबाईंनी सोऱ्या खाली ठेवला. "पितळी कुठाय? पिवळ्या डबीत होती."

"डबी... प्लॅस्टिकची होती, आई."

"म्हणजे डबी प्लॅस्टिकची म्हणून पितळी चकती घालवलीस, आणि पितळी गेली म्हणून प्लॅस्टिकची केलीस! बीएस्सी ना गं तू?"

त्यांनी उरलेल्या पिठाची परात तिच्यापुढे सरकवली. "घे, कडबोळी वळ. हाताने!"

अक्षताने पहिलं कडबोळं वळलं. ते जरा मोठंच झालं. वाढत्या अंगाचं!