थोरल्या महाराजांचे वाजवणे सरळ केले त्याची हकीकत

नादास नमन, विजेस नमन, आणि ऐन वेळी दोहींनी दगा देऊ नये ऐसी प्रार्थना करोन लेखनास आरंभ केला. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक शुद्ध पंचमी, बुधवार, ते दिवसापासोन जे वर्तले ते लिहितो. राज्य लहान, म्हणजे घरातली ध्वनिमुद्रणाची एक खोली. लांबी अकरा फूट, रुंदी दहा, जागा तिसऱ्या मजल्यावर. पूर्वेस खिडकी, तीस आतून दोन गोधड्या ठोकिल्या, जे रस्त्याचा गलबला आत न यावा. दक्षिणेस स्वयंपाकघर, ते परराज्य, तेथे राणीसाहेब मृणालिनीबाई यांचा अंमल, आणि उभय राज्यांत तह ऐसा की इकडे ध्वनिमुद्रण चालले असता तिकडे कुकर लावू नये, आणि तिकडे वरण शिजत असता इकडे कोणी कपाळास आठ्या घालू नयेत. धनी सुधन्वाराजे, वय पंचेचाळीस, सहा दिवस विमा कचेरीत चाकरी करीत आणि रविवारी राज्य करीत.

ते बुधवारी खोक्यातून मिडी कीबोर्ड आला, एकसष्ट पट्ट्यांचा, आणि राजांनी तो तारेने संगणकास जोडिला. हे वाद्य स्वतः मुके. पट्टी दाबिली तरी आवाज करीत नाही, केवळ जासुदासारखे वर्तमान पोचविते, की अमुक पट्टी अमुक क्षणी अमुक जोराने दाबिली आणि अमुक क्षणी सोडिली. ते वर्तमान संगणकातले सॉफ्टवेअर लिहून घेते आणि मग धनी सांगेल त्या वाद्याच्या आवाजात वाचून दाखविते. राजांस आवाज पेटीचाच पाहिजे होता. कारण त्यांचे तीर्थरूप, थोरले महाराज रंगनाथपंत, घरात ज्यांस आप्पा म्हणत, गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षे पेटी वाजवीत, आणि दोन वर्षांमागे अर्धांगाचा झटका येऊन त्यांचा डावा हात निकामी जाहला. पेटीस उजवा हात सुरांवर लागतो आणि डावा भात्यावर. भाता हलेना, तेव्हा पेटी सुटली, आणि पेटी सुटली तेव्हा बोलणेही निम्मे जाहले. मग राजांनी त्यांस आपल्या घरी आणिले. वैद्यांनी दुसऱ्या झटक्याचे भय सांगितले होते. राजांचे मनात एकच की उजवा हात चालतो आहे तोवर हे वाजवणे लिहून ठेवावे, मागाहून रडून काही मिळत नाही.

रविवारी थोरल्या महाराजांस खुर्चीवर बसविले. त्यांनी पट्ट्यांवर हात फिरविला, खाली वाकून पाहिले आणि भाता कोठे म्हणोन पुसिले. भाता नाही, वीज आहे, ऐसे राजे बोलिले. महाराज हसले, दोन वर्षांत प्रथमच हसले, आणि त्यांनी डोळे मिटून गवळण वाजविली, जी मंडळाचे गायक हरिबुवा प्रत्येक एकादशीस म्हणत. हरिबुवा आता हयात नाहीत. कानास ताल मोजणारी यंत्राची टिकटिक लाविली होती, तिजकडे महाराजांनी फारसे लक्ष दिले नाही. वाजवून जाहले तेव्हा राणीसाहेब दारात उभ्या, पदराने डोळे टिपीत, आणि राजांचा ऊर भरून आला.

येथपर्यंत सारे बरवे. पुढे चूक जाहली, आणि ती प्रेमाने जाहली म्हणोन लिहिताना हात जड होतो. सोमवारी कचेरीतून परतल्यावर राजांनी पडद्यावर पाहिले, तो प्रत्येक सूर लहान विटेसारखा मांडिलेला, आणि विटा मात्रांच्या रेघांवर नाहीत. कोणी मागे, कोणी पुढे, कोणी जोराचा, कोणी अगदी फिका. तिसऱ्या ओळीपाशी तर एक सूर लांबविलेला आणि तेथून पुढचे सगळे पाऊण मात्रा मागे. राजांस वाटले की हा आजार आहे, आणि लोक ऐकतील तेव्हा म्हणतील की पंतांचा हात गेला. ते त्यांस सोसेना. मग मागे पडलेले सूर उचलून पुढे ओढिले, लांबलेला सूर कापिला, आणि सगळ्यांस निवडून क्वांटाइझ नामे हुकूम सोडिला, ज्याने प्रत्येक सूर जवळच्या रेघेवर जाऊन उभा राहतो. जोरही सारखा केला. पलटण शिस्तीत उभी राहिली. राजे संतोष पावले आणि जुन्यावरच नवे जतन करोन संगणक बंद केला. मूळ प्रत वेगळी ठेवावी हे या विद्येतले पहिले कलम, आणि राजे ते मुद्रणास येणाऱ्या परक्यांस नित्य शिकवीत.

थोरल्या महाराजांस ऐकविले. त्यांनी दोन वेळ ऐकिले आणि स्वच्छ आहे इतकेच म्हटले. राजांनी ती शाबासकी समजली. मग रोज राजे कचेरीस गेले की महाराज राणीसाहेबांकडून संगणक लावून घेत आणि त्या सरळ गवळणीबरोबर हात चालवीत. ऐसे तीन आठवडे जाहले. राजांस कळले तेव्हा ते आनंदले, की आप्पांस पुन्हा गोडी लागली. तेव्हा राणीसाहेब म्हणाल्या, "गोडी कसली? आप्पा हल्ली डोळे मिटत नाहीत. पडद्याकडे बघत वाजवतात. शाळेतल्या पोरासारखे."

राजांचे मनात काही हलले. मार्गशीर्षातल्या रविवारी सकाळी ते आप्पांजवळ बसले आणि पुसिले की आप्पा, पडद्याकडे का पाहता. महाराज म्हणाले, "चाळीस वर्सं चुकत होतो, ते कळलं. कुणी बोललं न्हाई. आता सुधारतोय."

राजे म्हणाले की चूक नव्हे, आजारामुळे थोडे मागेपुढे जाहले होते, तेवढेच सावरिले.

"तिसऱ्या ओळीला मागं राह्यलो, ते आजारानं न्हवं," महाराज म्हणाले. "तिथं हरिबुवा दम घ्यायचे. दमेकरी माणूस. त्यांचा श्वास भरंपतुर मी सूर धरून ठेवायचो, म्हंजे लोकांना कळायचं न्हाई. पण यंत्रात ती चूकच दिसती म्हणल्यावर..."

राजे उठले आणि संगणकाकडे धावले. जुनी प्रत पाहिली, ती नाही. मागे फिरण्याचा हुकूम सोडिला, तो चालेना, कारण संगणक बंद होताच मागच्या पायऱ्या मोडतात. कचऱ्याची पेटी धुंडिली, रिकामी. राजे लज्जित जाहले, इतके की बापाकडे पाहवेना. मग हात जोडून म्हणाले की आप्पा, पहिल्यासारखे एकवार वाजवा. महाराजांनी वाजविले. तिसरी ओळ आली आणि हात न थांबता सरळ पुढे गेला. पुन्हा वाजविले, पुन्हा सरळ. महाराजांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिले आणि म्हणाले की तिथे थांबायचे ते माहीत आहे, पण हात थांबत नाही. आणि त्यांचे डोळ्यांस पाणी आले. दोन वर्षांत डाव्या हातासाठी जे आले नव्हते ते आले.

तेव्हा राजांनी टिकटिक बंद केली, पडदा मालविला, आणि काही न सुचून आपणच गवळण म्हणू लागले. राजांचा आवाज चांगला नाही, हे राज्यात सर्वांस ठाऊक. पोटही सुटलेले. पहिली ओळ कशीबशी गेली, दुसरीत सूर घसरला, आणि तिसरीच्या मध्यावर श्वास संपला. काही रडण्याने, काही वयाने. राजे थांबले. आणि पट्टीवरचा हातही थांबला, तोच सूर धरून. महाराजांचे डोळे मिटलेले होते.

"घे दम," महाराज म्हणाले. "सावकाश घे. मी धरलाय सूर."

येणेप्रमाणे वर्तमान. पहिले वाजवणे गेले, ते कोणत्याही हुकुमाने परत आले नाही. दुसरे लिहून घेतले, त्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेविल्या, आणि त्यातली एकही वीट हलविली नाही. दर रविवारी राजे बेसूर गातात आणि थोरले महाराज त्यांच्यासाठी थांबतात. ऐसे आजमितीस चालले आहे, कोठवर चालेल ते वैद्यांसही सांगवत नाही.