आबांचा चांगला पाय

वराळ्यात आमच्या शेजारी आबा राहतात, आणि त्यांच्या घरात बिनलिहिलेली वस्तूच नाही. नळावर 'अर्धाच फिरवा', फ्रिजवर 'दार आपटू नये', कुकरवर 'शिट्टी नवीन'. आयुष्यभर कंपनीत फिटर होते. जॉब, म्हणजे कामाचा सुटा भाग, हातात आला की आधी त्यावर मार्करनं लिहायचं, ती सवय रिटायर झाल्यावरही सुटली नाही. एकदा मी त्यांच्याकडे मोबाईल चार्जिंगला लावला, तर कव्हरवर 'बॅटरी कमजोर' लिहून परत मिळाला!

एकटेच असतात, सगळं स्वतःचं स्वतः करतात. म्हणून प्रोस्टेटचा कॅन्सर उजव्या मांडीच्या हाडात पसरला तेव्हा त्यांना एकच धास्ती. पाय मोडला तर अंथरूण, आणि अंथरूण म्हणजे दुसऱ्याच्या घरी. डॉक्टर म्हणाले, हाड आतून पोखरलंय, मोडायच्या आधीच रॉड घालू. कॅन्सर यानं जाणार नाही, पण चालता येईल. आबांनी एवढंच विचारलं, रॉड किती एमएमचा, आणि बोल्ट बाजूनं मारणार का. डॉक्टर बिचारे कागदावर चित्र काढत बसले.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर हसतच बाहेर आली. आबांनी डाव्या पायावर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत लिहिलं होतं, 'हा चांगला आहे. उघडू नये.' परमनंट मार्करनं! स्पिरिटनं पुसून पुसून ती दमली. उजव्या पायावर डॉक्टरांनी खूण केली, तर आबा म्हणे खाली सही करा. करून घेतलीच. मग मला आणि आईला म्हणाले, हितं काय पिच्चर लागलाय का, जावा घरी. आणि खरंच घालवलं आम्हाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा वॉकर आला होता. फिजिओवाली म्हणाली, दारापर्यंत चला. आबा दात आवळून उठले. घामानं निथळत चार पावलं टाकली, आणि दार सोडून समोरच्या खाटेकडे वळले. तिथे तिकोणा पेठेचा एक माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला. उद्या त्याचं हेच ऑपरेशन, आणि तो कालपासून नको म्हणत होता. सोबत कुणी नाही.

आबा खाटेच्या कडेला टेकले.

"भाऊ, मी बी लय भ्यालो व्हतो. ऐटीत समद्यांना घरी धाडलं, अन् आत जाताना मागं वळून बघितलं तर दाराभायेरचं बाकडं रिकामं."

आईनं माझा हात घट्ट धरला.

"तुमी जावा उद्या. मी बसतो बाकड्यावर."

त्या माणसानं हळूच तोंड वळवलं. म्हणाला, "लय येळ लागतो म्हणं."

"लागू द्या," आबा म्हणाले.