शुद्ध दिलगिरी

आमच्या कार्यालयाच्या लाकडी जिन्याची एक पायरी निखळली, त्याच दिवशी तिथे पाटी लागली: 'इनकन्व्हीनियन्स इज रिग्रेटेड.' म्हणजे गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. इतकी तत्परता कार्यालयाने पूर्वी कधी दाखवली नव्हती.

सफाईवाल्या मावशींना भरलेली बादली घेऊन त्याच जिन्याने चढावं लागे. "साहेब, पाटी राहू द्या, पण फळी तेवढी ठोका. एक दिवस माझी हाडं मोडतील," त्या म्हणाल्या.

मोठ्या साहेबांनी विषय मनावर घेतला. इंग्रजी वाक्प्रयोगांचा लेखी वापर अचूक व्हावा म्हणून त्यांनी समिती नेमली. मीही तिच्यात होतो. चहा बरा मिळायचा. 'रिग्रेटेड'च्या आधी 'डीपली', म्हणजे 'मनापासून', घालावं का, यावरून दोन तट पडले आणि एकमेकांशी बोलणं बंद झालं. अखेर 'डीपली' मंजूर होऊन नवी पाटी लागली.

तेवढ्यात कार्यालयाच्या सुताराने कोणालाही न विचारता पायरी बसवून टाकली. मावशींनी त्याला तोंडभर आशीर्वाद दिले.

समितीची मात्र पाचावर धारण बसली. गैरसोयच उरली नाही, तर दिलगिरी कशाबद्दल? वाक्प्रयोग धडधडीत चुकीचा ठरत होता, आणि भाषातपासणीचे अधिकारी तर दुसऱ्याच दिवशी यायचे होते.

"मग पाटी काढू या," मी म्हणालो.

"मंजूर मजकूर काढायचा?" साहेब पांढरेफटक पडले. "अहो, त्यापेक्षा पायरी काढणं सोपं!"

सुतारालाच बोलावून पायरी उखडली. परस्पर दुरुस्ती केल्याबद्दल त्याला लेखी ताकीदही मिळाली.

अधिकारी आले. त्यांनी पाटी वाचली, खाली वाकून भगदाड पाहिलं आणि 'वापर अचूक' असा शेरा मारला. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या आवाजात मावशी बादलीसकट कोसळल्याचं कळायला जरा वेळच लागला.

त्यांचा पाय मोडला. साहेबांनी दवाखान्यात पत्र पाठवलं, त्यात 'डीपली'सह तेच वाक्य. मावशींची मुलगी ते पत्र घेऊन तडक कार्यालयात आली.

"साहेब, हे काय आहे?"

"का? काही चुकलंय का त्यात?" साहेबांनी काळजीने विचारलं.

मला लाज वाटली, म्हणून हे सगळं लिहून काढलं आणि तीन मित्रांना वाचायला दिलं. तिघांनीही एकच विचारलं, 'डीपली' हवं की नको?

मावशींचा कोणता पाय मोडला, हे मी मुद्दामच लिहिलं नव्हतं. तुम्ही तरी कुठे विचारलंत?