मुजावरसाहेबांचं डावं दार

आमच्या सोसायटीत एखाद्याची मोटार चावीला दाद देईनाशी झाली, की मुजावरसाहेब खाली येत, चष्मा काढून खिशात ठेवत आणि मोटारीच्या दाराला कान लावून उभे राहत. डावा हात वर. हात वर म्हणजे सगळ्यांनी गप्प. वॉचमनने रेडिओ बंद करायचा, भाजीवाल्याने आरोळी गिळायची. एकदा तर त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या कुकरला खालूनच दरडावलं होतं, "गॅस बारीक करा! इथे तपासणी चाललीय." आणि कुकरवालीने, म्हणजे मीच, निमूटपणे गॅस बारीक केला होता.

मग गाडीच्या मालकाने चावीवरचं बटण दाबायचं. टक, टक, टक.

"तीन," मुजावरसाहेब म्हणत. "दारं चार, आवाज तीन. मागचं डावं बोलत नाहीये."

मालक जाऊन बघायचा, तर मागचं डावंच उघडत नसायचं.

मुजावरसाहेब आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहत. सरकारी आयटीआयमध्ये त्यांनी आयुष्यभर वायरमनच्या पोरांना शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यावर ती सवय सोसायटीवर काढायला घेतली होती. उंच, वाळलेला देह, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला टेस्टर. घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं. त्यामुळे मराठी इतकं स्वच्छ, की अपमान झाल्याचं घरी पोचल्यावर कळावं. दुरुस्तीचा एक पैसा घेत नसत. पण त्याऐवजी जे घेत, ते फार महाग पडे. तोंडी परीक्षा.

माझी पहिली परीक्षा मला अजून आठवते. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची तरुणी होते. हसू नका. शाळेतून निवृत्त झाल्याझाल्या ड्रायव्हिंग शिकले होते, एक लालचुटुक सेकंडहँड गाडी घेतली होती आणि जगात स्त्रीमुक्ती माझ्यापासूनच सुरू झाली अशी माझी खात्री होती. तीन महिन्यांत गाडीचं सेंट्रल लॉक चावीला ऐकेनासं झालं. मुजावरसाहेब खाली आले.

"लक्षण सांगा," ते म्हणाले.

"रिसीव्हर गेलाय बहुतेक." हा शब्द मी कुठेतरी ऐकला होता.

"लक्षण विचारलं, निदान नाही. निदान तुम्हाला येत असतं तर मी चहा टाकून खाली आलो नसतो."

"बटण दाबलं की काही होत नाही."

"लांबून, का जवळून?"

"आधी लांबून होत नव्हतं. आता जवळूनही नाही."

"दिवसातून किती वेळा दाबता?"

इथे माझी जीभ अडखळली. खरी गोष्ट अशी, की मी गॅलरीत उभी राहून ते बटण दाबत असे. समोरच्या बिल्डिंगमधली कोणी बाई बाहेर आली, की दाब. गाडी दोन्ही डोळे मिचकावायची आणि मी जणू आपल्याला काही ठाऊकच नाही असा चेहरा करून तुळशीला पाणी घालायची. तुळस त्या तीन महिन्यांत कुजली.

"चार-पाच वेळा," मी म्हणाले.

"गॅलरीतून धरून?"

त्यांनी अंगठ्याच्या नखाने चावी उघडली, मनगटी घड्याळात असतो तसा बारका सेल काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"गाडीला काही झालेलं नाही, बाई. सेल दमलाय. तुमच्या कौतुकाला पुरला नाही."

मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. वर्गात प्रश्न मी विचारायचे, उत्तरं इतरांनी द्यायची. त्या दिवशी पार्किंगमध्ये हातावर सेल घेऊन उभी असताना मी मनाशी ठरवलं, की या माणसाला एकदा तरी नापास करायचं. आमच्या ह्यांना तसं सांगितलं, तर हे पेपरमागून म्हणाले, "आधी रिव्हर्स शीक."

मुजावरसाहेबांच्या हातून कोणी सुटत नसे. तिसऱ्या मजल्यावरचा रोहन हिंजवडीला मोठ्या कंपनीत होता. त्याच्या कोऱ्या गाडीचं ड्रायव्हरचं दार बंद पडलं. "अंकल, मी नेटवर सगळं चेक केलंय," तो म्हणाला. "पूर्ण मोड्यूल चेंज करावं लागणार."

"नेटवर तुमचं दार होतं?"

"नाही, म्हणजे सेम प्रॉब्लेम..."

"मग दुसऱ्याच्या दाराचं दुःख कशाला सांगता?" त्यांनी दार सावकाश उघडलं, मिटलं, परत उघडलं. दार आणि गाडी यांच्या मधल्या सांध्यात एक रबरी नळी असते, तिच्यातून तारा जातात. ती त्यांनी चिमटीत धरून वाकवली, तशी दारातून टक आली. "ही रोज उघडझाप सोसते. माणसाची पाठ जाते, ही तर तार. आतल्या आत तुटलीय." अर्ध्या तासात तार जोडून झाली. पण चावी मिळेना. "आता तुम्ही मला समजावून सांगा, काय झालं होतं." रोहन दोनदा चुकला. तिसऱ्यांदा पास झाला, तोवर त्याची मीटिंग उरकली होती.

एवढा हा किमयागार, आणि त्याच्या स्वतःच्या गाडीचं सेंट्रल लॉक तीन वर्षं बंद! दिव्याखाली अंधार. साय रंगाची जुनी गाडी. साहेब उजवं दार किल्लीने उघडत, मग बॉनेटला वळसा घालून डावीकडे येत, तिथे किल्ली फिरवत, दार उघडून त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या भाभी, बसेपर्यंत उभे राहत, दार लावत आणि परत वळसा घालून आपल्या जागी येत. पावसात हे सगळं छत्री धरून. सोसायटीत लोक त्याला साहेबांची प्रदक्षिणा म्हणत. कोणी विचारलंच, तर एकच उत्तर, "पार्ट मिळत नाही."

एका डिसेंबरात साहेब आणि भाभी आठ दिवस सोलापूरला मुलीकडे निघाले. एसटीने. जाताना गाडीची किल्ली माझ्याकडे. "बॅटरी उतरू नये म्हणून दिवसाआड पाच मिनिटं सुरू ठेवा. फक्त सुरू. हलवायची नाही."

दुसऱ्याच दिवशी मी ती हलवून नाना पेठेत नेली. तिथे माझ्या ओळखीचा एक गाड्यांचा इलेक्ट्रिशियन होता. म्हटलं, कितीही दुर्मीळ पार्ट असो, हुडकून काढ. मोठं काम आहे. तो स्टिअरिंगखाली डोकं घालून जेमतेम दोन मिनिटं होता.

"मॅडम, पार्ट कसला? फ्यूजच नाहीये."

"उडालाय?"

"उडालेला नाही. काढलाय कोणीतरी. जागा रिकामी आहे." त्याने एक इवलासा फ्यूज त्या फटीत दाबला. टक, टक, टक, टक. चारही दारं बोलली.

आता कोणीही शहाणी बाई इथे थांबून विचार करती. सगळ्या पुण्याच्या गाड्यांचे फ्यूज तपासणारा माणूस आपल्याच गाडीचा काढून का ठेवील? पण मी शहाणी नव्हते, मी विजयी होते. तपासायला काढला असणार आणि परत लावायला विसरला, असं निदान करून मी परत येताना स्वारगेटच्या चौकात गाणं म्हटलं. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बघत होता, तरी म्हटलं.

ते परत आले त्या रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये माणसं जमवली. साहेब-भाभी मंडईला निघाले होते. किल्ली परत द्यायच्या आधी मी तिच्यावरचं बटण दाबलं. चारही दारं टकटकली. टाळ्या पडल्या.

साहेबांनी हात वर केला नाही, कान लावला नाही. नुसते गाडीकडे बघत राहिले.

"एक तोंडी प्रश्न, साहेब," मी घसा खाकरून म्हणाले. पाठ केलेलं वाक्य होतं. "सेंट्रल लॉक पूर्ण बंद असेल, तर सर्वात आधी काय बघावं?"

"फ्यूज," ते म्हणाले.

"आणि आपण बघितला होतात का?"

लोक हसले. रोहन सर्वांत मोठ्यांदा. साहेबांनी क्षणभर भाभींकडे बघितलं आणि म्हणाले, "नाही. राहिला बघायचा."

मग ते आपल्या जागी बसले. भाभी सवयीने डाव्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. आतून आवाज आला, "उघडंच आहे." भाभींनी आपल्या हाताने दार उघडलं, बसल्या, गाडी गेली. मी त्या दिवशी शिरा केला.

चार दिवसांनी भाभी माझा डबा परत द्यायला आल्या. भाभी मूळच्या सोलापूरच्या. ठेंगण्या, गोल, बोलायला गोड. डबा ओट्यावर ठेवला, तरी उभ्याच.

"बाई, रागावू नका, पन एक इचारते. ते लॉक परत बिघडवता येतं का?"

"काय?"

"आता कसं सांगू," त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या. "अडतीस वरसं झाली लग्नाला. हा मानूस कधी माझ्या बरोबरीनं चालला न्हाई. दहा पावलं पुढं. मंडईत, लग्नात, दवाखान्यात. मी मागनं पिशव्या घेऊन. मानूस वाईट न्हाई हो, चालच तशी. लक्षात येत न्हाई त्यांच्या. मग त्ये लॉक बंद पडलं, आन् पहिल्या दिवशी हे कुरकुरत माझ्या बाजूला आले, दार उघडून उभे राहिले. घरी आल्यावर मी एवढंच म्हनले, आज बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी म्हनले, दुरुस्त करा की. तर म्हनाले, पार्ट मिळत न्हाई."

"अहो, पण भाभी, आतून हात लांबवला तरी तुमच्या दाराची खुंटी वर होते."

"मला म्हाईत हाय की," भाभी म्हणाल्या. "त्यास्नी पन म्हाईत हाय. तीन वरसांत कोन बोललं न्हाई."

फ्यूज कोणी आणि का काढून ठेवला होता ते मला आता कळलं. भाभींना ठाऊक नव्हतं. तोंडात तीळ न भिजणारी मी, जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून उभी राहिले. "बघते," एवढंच म्हणाले.

पण बघणार काय? किल्ली त्यांच्याकडे. शेवटी दुपारी चार वाजता, सोसायटी झोपलेली असताना, मी खाली उतरले. म्हटलं, साहेबांना गाठून कसंतरी सांगावं. तर साय रंगाच्या गाडीचं उजवं दार उघडं आणि त्यातून दोन लांब पाय बाहेर. डोकं स्टिअरिंगखाली. मी खाकरले. आत डोकं आपटल्याचा आवाज झाला.

मुजावरसाहेब बाहेर आले. केस विस्कटलेले, उजव्या हाताच्या चिमटीत तो इवलासा फ्यूज. मी फ्यूजकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे.

"बाई, हे म्हणजे..."

"पार्ट मिळत नाही म्हणतात," मी म्हणाले.

त्यांनी फ्यूज खिशात टाकून वर टेस्टर सारखा केला. "हो. कंपनीनेच बंद केलाय."

"मला वाटलंच."

"तिला काही बोलू नका," ते गाडीकडे बघत म्हणाले. "तिला वाटतं बिघडलंय."

मी मान डोलावली. भाभींनी काय सांगितलं, तेही बोलले नाही. दोघांचं गुपित एकाच बाईच्या पोटात, आणि तीही माझ्यासारखी! त्या आठवड्यात मला जेवण जाईना.

रविवारी पार्किंगमध्ये माणसं होतीच. साहेबांनी चावीचं बटण दाबलं. गाडी ढिम्म.

"अंकल, परत डेड?" रोहन ओरडला. "पण फ्यूज तर टाकला होता ना?"

साहेब काही बोलायच्या आत मी गॅलरीतून ओणवले. सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा, एकतीस वर्षं वर्गावर कमावलेल्या आवाजात म्हणाले, "माझ्या इलेक्ट्रिशियनने वाट लावली हो! चार दिवस चाललं आणि बंद. साहेब म्हणत होते तेच खरं, पार्टच गेलाय. मीच अर्धवट शहाणपणा केला, आणि वर त्यांनाच हसले."

खाली सगळे हसले. या वेळी मला. रोहनने तर टाळी दिली. मुजावरसाहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"असू द्या, बाई," ते म्हणाले. "पहिल्या खेपेला चुकतं सगळ्यांचंच."

काय माणूस! तेवढ्यातही मला नवशिकी ठरवून गेला. मी तोंडात पदर कोंबला.

भाभी डाव्या दाराशी उभ्या होत्या. दाराला हात न लावता, भलतीकडे बघत. साहेब बॉनेटला वळसा घालून आले. किल्ली फिरवायच्या आधी त्यांनी भाभींच्या हातातल्या दोन्ही पिशव्या काढून घेतल्या. हे मात्र मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"चला, आटपा," ते गुरकावले. "मंडईत गाडी लावायला जागा मिळत नाही."

भाभींनी पदर खांद्यावरून नीट घेतला. मग चप्पल झटकली. एक पाय आत ठेवला, थांबल्या, निऱ्या सारख्या केल्या. साहेब एका हातात दार आणि एका हातात दोन रिकाम्या पिशव्या धरून उन्हात उभे होते, आणि भाभींना कसलीही घाई नव्हती.